आद्यत्वाचा सोस आणि इस्त्रीची फळी

मराठी समीक्षेत ‘परीटघडीची भाषा’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो वापरताना आपण नेमके काय म्हणतो आहोत याचा विचार सहसा कोणी करीत नाही. एखाद्या लेखकाचे गद्य फार नेटके, फार कडक, बोलीचा वारा न लागलेले वाटले की आम्ही मंडळी त्याला परीटघडीचे ठरवून मोकळे होतो. या शब्दात एक परीट आहे आणि त्याच्या हातची एक घडी आहे. दूषण देण्याच्या भरात दोन्ही नजरेआड होतात. खळ दिलेले कापड किती ओलसर असताना हाती घ्यावे, तापलेले लोखंड कोठे टेकवावे व कोठे उचलावे, सदऱ्याची कॉलर आधी की बाही आधी, हे सारे ज्ञान आहे. ते हातांनी मिळवलेले आणि हातांनीच पुढच्या पिढीकडे दिलेले आहे. गावगाड्याने या ज्ञानाला जातीचे नाव दिले, माणसाचे दिले नाही. आणि आम्ही साहित्यातल्या लोकांनी त्या नावाचेही एक दूषण करून टाकले.

हे आठवायला निमित्त झाले ते अमेरिकेतल्या एका वादाचे. तेथे फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. त्या महिन्यात शाळांच्या फलकांवरून आणि आता समाजमाध्यमांवरून एक वाक्य हटकून फिरते: इस्त्रीच्या फळीचा शोध सेरा बून या कृष्णवर्णीय स्त्रीने १८९२ साली लावला. त्यामागोमाग दुसरे वाक्य येते: ही निव्वळ थाप आहे, तिच्या कितीतरी आधी, १८५८ साली, व्हँडेनबर्ग आणि हार्वे या दोघांनी इस्त्रीच्या टेबलाचे पेटंट घेतले होते. पहिल्या पक्षाला आम्ही आद्यपूजक म्हणू, दुसऱ्याला आद्यभंजक. वरवर पाहता या दोघांत हाडवैर आहे. पण एका गोष्टीवर त्यांचे पूर्ण एकमत आहे: प्रत्येक वस्तूला एक जनक असतो, आणि ‘सर्वांत आधी कोण?’ एवढे विचारले की तो सापडतो. भांडण चालते ते केवळ त्या आसनावर कोणाला बसवावे याचे.

आमचे म्हणणे असे की हे आसनच खोटे आहे. आणि हे सांगण्याची जबाबदारी तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांइतकीच साहित्याच्या विद्यार्थ्यांची व अध्यापकांची आहे. कारण हा वाद मुळात वाचनाचा आहे. १८९२ चे ते पेटंट म्हणजे एक छोटीशी संहिता आहे. ती कोणालाही पाहता येते. परंतु पूजक तिच्यावरचे नाव वाचतात, भंजक तिच्यावरची तारीख वाचतात. तिच्यातला मजकूर वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. संहिता बाजूला ठेवून लेखकाच्या मानपानावर भांडणारे लोक आम्हा मराठीच्या अध्यापकांना काही अपरिचित नाहीत.

आधी वस्तूविषयी थोडे. मराठी घरांत इस्त्रीची फळी तशी उशिराच आली, आणि आली तरी पुष्कळांकडे ती दाराआड उभीच असते. जुने घोंगडे किंवा दुमडलेली चादर टेबलावर, नाहीतर जमिनीवर अंथरायची आणि तिच्यावर इस्त्री फिरवायची, ही आपली रीत. तिला आपल्याकडे स्वतंत्र नावही रुजले नाही. कोणी इस्त्रीचे टेबल म्हणते, कोणी आयर्निंग बोर्ड. ‘इस्त्री’ हा शब्ददेखील पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आल्याचे मानले जाते. पाश्चात्त्य घरांतली फळी म्हणजे लांब, एका टोकाला निमुळती, वर गादीसारखे आवरण असलेली आणि हल्ली घडीचे पाय असलेली पट्टी. तिच्याकडे पाहून हिला कोणी ‘शोधून काढले’ असेल असे सहजी वाटतही नाही. नेमक्या याच कारणाने ती आमच्या कामाची आहे.

‘सर्वांत आधी कोण?’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर काय होते ते पाहू. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत स्कार येथे १९९१ साली एका नौकादफनाचे उत्खनन झाले. व्हायकिंग काळातल्या त्या दफनात एका वृद्ध स्त्रीजवळ व्हेलच्या हाडाची कोरीव फळी निघाली. अशा फळ्या नॉर्वेतही सापडल्या आहेत, आणि काचेच्या जड गोळ्याने तागाचे कापड घोटून गुळगुळीत करण्यासाठी त्या वापरीत असावेत असे मानले जाते. म्हणजे इस्त्रीची फळी हजार वर्षांपूर्वीची धरली तरी चालेल. त्या वृद्धेचे नाव कोणालाही ठाऊक नाही. आद्यपूजकांनी आसन कोणाला द्यावे?

याहून बोलका दाखला चीनमधला आहे. आठव्या शतकातील चित्रकार झांग श्वान याने राजवाड्यातील स्त्रिया नवे रेशीम तयार करीत असल्याचे एक चित्र काढले होते. मूळ चित्र गेले. बाराव्या शतकाच्या आरंभी झालेली त्याची नक्कल बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे आणि ती सम्राट हुइझोंग याच्या नावावर मांडली जाते. त्या चित्रात एक स्त्री निखाऱ्यांनी भरलेले, लांब दांड्याचे पात्र रेशमावर फिरवीत आहे. ते रेशीम कशावर अंथरले आहे? कशावरच नाही. बाकीच्या स्त्रियांनी ते दोन्ही बाजूंनी धरून हवेत ताणले आहे, आणि एक लहान मुलगी खेळत त्याच्याखाली वाकली आहे. इस्त्रीची फळी म्हणजे काय, हे या चित्राइतके स्वच्छ आम्हाला दुसऱ्या कोठे दिसलेले नाही. दुसऱ्या बायकांच्या ताणलेल्या हातांच्या जागी जी आली, ती फळी. चित्रकाराचे नाव उरले, नक्कलकार सम्राटाचे नाव उरले. हात मात्र अनामिक राहिले.

आता अमेरिकेकडे येऊ. १८४१ साली कॅथरीन बीचर यांचे गृहव्यवस्थेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांची ही थोरली बहीण. इस्त्रीच्या सामानाची यादी देताना त्या सदऱ्याच्या छातीसाठी एक लहान, फ्लॅनेलने मढवलेली फळी सुचवतात आणि घागऱ्यांसाठी दुसरी, सुमारे पाच फूट लांब, एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली. आजच्या फळीचा हाच आकार आहे. तो १८४१ मध्ये एका छापील पुस्तकात आहे, आणि हा माझा शोध असा आव बाईंनी आणलेला नाही. चांगली गृहिणी असे असे करते, एवढ्याच सुरात त्यांनी तो सांगितला आहे. म्हणजे काही घरांत तो आधीपासूनच असणार. आद्यभंजकांचा १८५८ चा पुरावा येथेच कोसळतो. ज्याने पेटंट घेतले तो पहिला, ही व्याख्या धरली तर पेटंट कचेरीची पायरी न चढलेल्या सगळ्या बायका इतिहासाबाहेर जातात. आणि त्या जातात म्हणूनच ही व्याख्या सोयीची वाटते.

१८५८ हे साल आद्यभंजकांच्या फार आवडीचे आहे, तेव्हा त्या सालाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिसिसिपीतील ऑस्कर स्टुअर्ट या मळेवाल्याने, आपल्या मालकीच्या नेड नावाच्या गुलामाने तयार केलेल्या कपाशीच्या शेतीच्या एका अवजाराचे पेटंट मागितले होते. त्या प्रकरणी १८५८ मध्येच अमेरिकेचे महाधिवक्ता जेरेमाया ब्लॅक यांनी मत दिले की गुलामाने लावलेल्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही. कायद्याने शोधकर्त्याने स्वतः शपथ घ्यायला हवी. गुलाम हा नागरिक नाही, म्हणून त्याला ती शपथ घेता येत नाही. आणि मालकाने शोध लावलेला नाही, म्हणून मालकालाही घेता येत नाही. अशा रीतीने एक खराखुरा शोध कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच उरला नाही. ज्या वर्षी व्हँडेनबर्ग आणि हार्वे यांचे नाव नोंदवहीत चढले, त्याच वर्षी लाखो माणसांना त्या नोंदवहीचे दार अधिकृतपणे बंद असल्याचे जाहीर झाले. अशा नोंदवहीत पहिले नाव कोणाचे, हे विचारणाऱ्याने निदान ते दार कोणाला बंद होते एवढे तरी आधी पाहावे.

सेरा बून यांचा जन्म १८३२ च्या सुमारास उत्तर कॅरोलिनात, गुलामगिरीत झाला. त्याच राज्याने १८३० च्या कायद्याने गुलामांना लिहावाचायला शिकवणे गुन्हा ठरवले होते. पुढे त्या स्वतंत्र झाल्या, जेम्स बून या स्वतंत्र कृष्णवर्णीयाशी त्यांचा विवाह झाला आणि यादवी युद्धापूर्वीच हे कुटुंब कनेटिकटमधील न्यू हेवन येथे आले. तेथे सेरा बून स्त्रियांचे कपडे शिवण्याचा व्यवसाय करीत. १८९१ मध्ये त्यांनी अर्ज केला आणि २६ एप्रिल १८९२ रोजी त्यांना ४,७३,६५३ क्रमांकाचे पेटंट मिळाले. नेडला जी शपथ घेता येत नव्हती, तीच शपथ गुलामगिरीत जन्मलेल्या एका स्त्रीने तेहतीस वर्षांनी घेतली. मधल्या काळात एक युद्ध झाले आणि संविधानात दुरुस्त्या झाल्या. तो सगळा इतिहास या रूक्ष कागदाच्या मागे उभा आहे. पण कागद वाचल्याखेरीज तो दिसत नाही.

तर आता कागद वाचू. पेटंटाच्या मजकुरात सेरा बून आपली वस्तू म्हणजे इस्त्रीच्या फळ्यांमधील एक सुधारणा असल्याचे सांगतात. सुधारणा, हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यांच्या आधी फळ्या होत्या हे त्यांना ठाऊक होते, आणि तसे त्यांनी लिहून दिले आहे. शपथ आद्यत्वाची होती खरी, पण ती या एका सुधारणेपुरती. म्हणजे पूजकांनी त्यांच्या तोंडी घातलेला दावा त्यांनी कधीच केलेला नव्हता, आणि भंजक ज्या दाव्याबद्दल त्यांना खोटे पाडतात तोही त्यांचा नाही. कोणीतरी त्यांच्या नावाने एक विधान केले, दुसऱ्या कोणीतरी त्या विधानावर खटला भरला, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची एक शिवणकाम करणारी बाई विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

सुधारणा कोणती? मजकूर सांगतो की ही फळी स्वस्त, साधी आणि सोयीची असावी, आणि ती विशेषतः स्त्रियांच्या कपड्यांच्या बाह्या व कंबरेवरचा भाग इस्त्री करण्यासाठी आहे. फळी अरुंद आहे, गादीने मढवलेली आहे, आणि तिच्या कडा वक्र आहेत. एक कड बाहीच्या आतल्या शिलाईच्या वळणाची, दुसरी बाहेरच्या शिलाईच्या वळणाची. ती उलटसुलट करता येते, त्यामुळे बाहीच्या दोन्ही बाजू तिच्यावर होतात. कंबरेच्या वळणदार शिलाया दाबायलाही ती उपयोगी पडते, असेही तेथे नमूद केले आहे.

ज्याने कधी बाही इस्त्री केली नाही, त्याला यात विशेष काही वाटणार नाही. बाही ही कापडाची नळी असते. ती सपाट टेबलावर ठेवून दाबली की दोन्ही कडांना घडी पडते, शिवाय खालच्या थराची शिलाई वरच्या थरावर उमटते. नळीत अरुंद फळी घातली तर एका वेळी एकच थर इस्त्रीखाली येतो आणि घडी पडत नाही. त्यातून त्या काळची स्त्रियांची बाही दोन तुकड्यांची, कोपराशी वळलेली असे. आतली शिलाई खोलगट, बाहेरची फुगीर. सरळ फळीवर त्यांपैकी एकही नीट बसत नाही. अंगाबरोबर बसणाऱ्या चोळीसारख्या भागाला तर वळणदार शिलायांचे जाळेच असे, आणि प्रत्येक शिलाई उघडून दाबल्याखेरीज कपड्याला बैठक येत नसे. हे धुण्याच्या दिवसाचे काम कमी आणि शिवणाऱ्याच्या रोजच्या कामाचे अधिक. ती वक्र कड काढायला हजारो बाह्या शिवलेला हात लागतो. गृहव्यवस्थेच्या पुस्तकातली घागऱ्याची फळी घराच्या दृष्टीने पाहते. सेरा बून यांची फळी शिलाईच्या दृष्टीने पाहते. हा फरक तारखांच्या यादीत कोठेही दिसत नाही.

आम्हाला असे वाटते की हा मजकूर म्हणजे एका कारागीर स्त्रीचे आत्मकथन आहे, जरी त्यात ‘मी’ची एकही आठवण नसली तरी. दलित आत्मकथने आणि स्त्रियांचे लेखन शिकवताना आम्ही वर्गात सांगतो की अनुभव हा ज्ञानाचा स्रोत आहे. मग तोच अनुभव लाकडाच्या वळणात उतरला की आपल्याला तो का वाचता येऊ नये? दोन शिलायांसाठी दोन कडा, हे एक विधान आहे. त्यामागे परंपरा आहे, निरीक्षण आहे, आधीच्या साधनांवरची टीकाही आहे. सरळ फळीविषयी तिची तक्रार त्या वक्रतेत नोंदलेली आहे. संहितेच्या बाहेर काहीच नाही अशा घोषणा करणाऱ्यांनी ही छोटीशी संहिताही एकदा हाती धरावी.

येथे आमचा एक प्रतिपक्षी बोलेल, आणि त्याचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. तो म्हणेल: तुम्हाला आद्यत्वाचा कंटाळा आला आहे, कारण तुमची नावे कोणी पुसलेली नाहीत. ज्यांची पुसली गेली, त्यांना ‘पहिली’ म्हणून उभे राहण्यावाचून दुसरा मार्ग कोणता होता? हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेच्या पेटंट कचेरीत हेन्री बेकर नावाचे एक कृष्णवर्णीय परीक्षक काम करीत. कचेरीच्या नोंदींत शोधकर्त्याचा वर्ण लिहिलेला नसे. बेकर यांनी वकिलांना व इतरांना पत्रे पाठवून कृष्णवर्णीयांच्या पेटंटांची यादी जमवली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठीही त्यांनी हे काम केले. कृष्णवर्णीय माणूस नवे काही निर्माण करू शकत नाही असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. त्या यादीत सेरा बून यांची फळी आहे. ती यादी नसती तर आज हा वाद घालायलाही कोणी उरले नसते.

पण बेकर यांची यादी नीट पाहावी. तिच्यात सेरा बून यांच्या खेरीज एलायजा मकॉय यांचे इस्त्रीचे टेबलही आहे, आणि त्याचे पेटंट १८७४ चे आहे. म्हणजे त्याच यादीत, त्याच समाजातल्या दोघांची इस्त्रीची साधने, अठरा वर्षांच्या अंतराने नोंदलेली आहेत. बेकर यांनी सेरा बून यांना पहिली म्हटलेले नाही. त्यांनी एक नाव, एक वस्तू, एक तारीख व एक क्रमांक दिला आणि अशा नोंदी ओळीने मांडल्या. त्यांचा युक्तिवाद संख्येचा होता, मुकुटाचा नव्हता: पाहा, इतके लोक आहेत, आणि इतक्या परीने काम करीत आहेत. त्या ओळीतून एकीला उचलून देव्हाऱ्यात बसवले ते नंतरच्यांनी. उचलताना मकॉय खाली पडले, बीचरबाई पडल्या, आणि फळीची ती वक्र कडही पडली. तेव्हा बेकर यांच्यावर आमचा आक्षेप नाही. त्यांची यादी न वाचता तिच्यातून घोषवाक्य काढणाऱ्यांवर आहे.

आद्यत्वाच्या हिशोबात आणखी कोण सुटते, तेही सांगून टाकू. वॉशिंग्टनमधील एलन एग्लिन या कृष्णवर्णीय स्त्रीने कपडे पिळण्याच्या यंत्राची एक रचना केली होती आणि तिचे हक्क १८८८ मध्ये अवघ्या अठरा डॉलरना विकून टाकले, अशी हकिकत १८९० च्या सुमारास स्त्री-संशोधकांसाठी निघालेल्या एका नियतकालिकात आली आहे. कारणही त्यांनीच सांगितले होते: कृष्णवर्णीय स्त्रीचे पेटंट आहे असे कळले तर गोऱ्या बायका ते यंत्र विकत घेणार नाहीत. नाव लपवणे हाच जिथे व्यवहार होता, तिथे नोंदवहीतल्या पहिल्या नावाचे स्तोत्र गाणे म्हणजे त्या व्यवहारावर शिक्का मारणे होय. भंजकांचा पुराव्याविषयीचा कडकपणा आम्हाला मान्य आहे. मात्र पुरावा कोणाचा उरू दिला गेला हा प्रश्नही पुराव्याच्याच शास्त्रात येतो, हे त्यांनी विसरू नये.

आता हे सगळे आपल्याकडे का सांगायचे? कारण आद्यत्वाचा हा सोस आमच्या विषयात पुरता मुरलेला आहे. मराठीतील पहिली कादंबरी कोणती, आद्य निबंधकार कोण, अशा प्रश्नांवर आमच्या परीक्षा चालतात. १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’चे साल पाठ असलेले विद्यार्थी आम्हाला वर्षानुवर्षे भेटतात, ती कादंबरी उघडून पाहिलेले क्वचितच. दोष विद्यार्थ्यांचा नाही. तो प्रश्न आम्हीच काढतो, कारण त्याचे उत्तर तपासायला एक क्षण पुरतो.

सर्वांत अधिक टोचणारे उदाहरण मुक्ता साळवे यांचे आहे. महात्मा फुले यांच्या शाळेतील या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. आज त्यांचे नाव घेतले जाते ते पहिली दलित लेखिका म्हणून, आणि बहुतेक ठिकाणी वाक्य तेथेच संपते. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, हा त्या मुलीचा प्रश्न आहे. अंगावर छप्पर नसताना, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या आपल्या जातीच्या बायकांचे दुःख तिने त्यात मांडले आहे. तिने युक्तिवाद केला होता, आणि आम्ही तिला पदवी दिली. पदवी दिल्यावर युक्तिवादाला उत्तर द्यावे लागत नाही. उद्या कोणा संशोधकाला १८५५ पूर्वीचा एखादा लेख सापडला, तर ती पदवीही जाईल. आणि तिच्यापाशी दुसरे काहीच आम्ही ठेवलेले नसल्यामुळे, मुक्ता साळवे यांचे नाव पाठ्यपुस्तकातून निघाले तरी कोणाला चुकल्यासारखे वाटणार नाही. आद्यपूजा ही अशी दिखाऊ आणि ठिसूळ असते. जिला केवळ पहिली म्हणून मान मिळतो, तिचा मान कोणाही अभ्यासकाच्या एका तळटीपेने हिरावला जातो. सेरा बून यांचे नेमके हेच झाले आहे.

उलट, १८५८ चे किंवा १८७४ चे पेटंट समोर आल्याने सेरा बून यांच्या फळीची वक्र कड सरळ होत नाही. जुना लेख सापडल्याने मुक्ता साळवे यांचा प्रश्न सुटत नाही. कामाला दिलेला मान टिकतो. क्रमांकाला दिलेला टिकत नाही. तेव्हा पुसलेल्यांची नावे पुढे आणायची असतील तर ‘पहिली’ हा शब्द त्यांच्या गळ्यात घालण्याऐवजी त्यांनी काय केले हे आधी वाचावे. हे कष्टाचे आहे. पण कष्ट टाळून केलेल्या गौरवाला आम्ही गौरव मानायला तयार नाही.

‘परीटघडी’ या शब्दाकडे आता पुन्हा पाहू. अमेरिकेने एका स्त्रीचे नाव ठेवले आणि तिचे काम विसरले. आम्ही कामाचे नाव ठेवले आणि ते करणाऱ्यांची एकूण एक नावे विसरलो. बारा बलुतेदारांच्या यादीत परीट आहे. पण कोणत्या परटिणीने कोणत्या कापडासाठी कोणती युक्ती काढली, याची नोंद कोठे आहे? पेटंट कचेरी नव्हती हे कारण पुरेसे नाही. दळणकांडणाच्या ओव्या आम्ही गोळा केल्या, कारण त्या शब्दांत होत्या आणि शब्द हा आमचा माल. हातांत होते ते आम्ही गोळा केले नाही. कोळशाची इस्त्री पेटवताना राख कशी झाडायची, जाड चादरीचे किती थर अंथरले म्हणजे गुंडीची खूण उठत नाही, हे सांगू शकणारी माणसे अजून आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडून उभी आहेत. त्यांच्यापाशी वही घेऊन गेलेला मराठीचा एकही विद्यार्थी आम्ही पाहिलेला नाही.

म्हणून आमची मागणी अगदी छोटी आहे. प्रश्नपत्रिकेत ‘पहिले कोण’ हा प्रश्न घालायचाच असेल तर त्याच्या खाली दुसरा घाला: त्या कृतीत आधीच्या कोणत्या गोष्टीविषयी तक्रार आहे, आणि ती तक्रार कशी मांडली आहे? यमुनापर्यटनाला हा प्रश्न विचारता येतो, मुक्ता साळवे यांच्या निबंधाला येतो आणि इस्त्रीच्या फळीलाही येतो. उत्तर एका शब्दात येणार नाही आणि तपासायला वेळ लागेल. त्याला आमचा इलाज नाही. आणि ज्यांना हा सगळा प्रपंच एका लाकडी पट्टीसाठी जास्तीचा वाटत असेल, त्यांनी येत्या रविवारी घरातल्या कोणाला न सांगता स्वतः एक सदरा घ्यावा, टेबलावर चादर अंथरावी आणि बाहीला कडेची घडी न पाडता इस्त्री करून दाखवावी. त्यानंतर परीटघडीच्या भाषेविषयी त्यांचे जे मत होईल, ते ऐकायला आम्ही उत्सुक आहोत.